गर्भपात, भ्रूणहत्या आणि आमचा सीमाभाग

आमच्या सीमाभागातील माणूस मराठी शब्दांविषयी फार जागरूक आहे. दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर, बसच्या फलकावर मराठी आहे की नाही याकडे त्याचे बारीक लक्ष असते. आणि १९५६ पासून या प्रश्नापायी येथील लोकांनी जे सोसले ते पाहता ही जागरूकता स्वाभाविकच म्हटली पाहिजे. परंतु एका मराठी शब्दाने आमच्याच घरांतील स्त्रियांचे जे नुकसान चालविले आहे, त्याकडे मात्र आमचे लक्ष अद्याप गेलेले नाही. तो शब्द म्हणजे 'भ्रूणहत्या'. गर्भपात आणि भ्रूणहत्या हे शब्द आम्ही सर्रास एकाच अर्थाने वापरतो. या गफलतीमुळे, कायद्याने पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वी दिलेली सोय बेळगाव-खानापूरकडच्या खेड्यातील स्त्रीच्या हाती आजही नीट पडत नाही, असे आमचे मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्याचे या लेखात योजिले आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी गर्भ टिकत नाही या घटनेस दोन साधी नावे दिली. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो 'गर्भस्राव' आणि पुढे पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर तो 'गर्भपात'. या शब्दांत निंदा नाही, स्तुती नाही. जे घडले तेवढेच ते सांगतात. धर्मशास्त्रकारांची भाषा निराळी होती. जुन्या सूत्रग्रंथांत 'भ्रूणहा' हा शब्द दोन अर्थांनी आढळतो: गर्भाचा घात करणारा आणि विद्वान ब्राह्मणाचा वध करणारा. म्हणजे या शब्दाच्या अंगी महापातकाचा अर्थ आरंभापासूनच मुरलेला आहे. वैद्याची भाषा आणि प्रायश्चित्त सांगणाऱ्याची भाषा अशा दोन भाषा आमच्यापुढे होत्या. आम्ही दुसरी उचलली आणि ती दवाखान्यात नेऊन बसविली.

इंग्रजी अमलात या पातकाला दंडविधानाची जोड मिळाली. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३१२ व्या कलमान्वये, स्त्रीचा जीव वाचविण्याचा प्रामाणिक हेतू नसता गर्भपात घडवून आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर ते कृत्य केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवण्यात आली. स्वतःचा गर्भपात करून घेणारी स्त्रीही त्याच कलमात गुन्हेगार ठरली. हे कलम इतिहासजमा झाले असे कोणी समजू नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते ८८ वे कलम म्हणून पुन्हा आले आहे. गर्भपात हा आपल्या देशात मुळात गुन्हाच असून १९७१ च्या कायद्याने सांगितलेल्या मर्यादेत तो केल्यास शिक्षा होत नाही, एवढीच काय ती सूट आहे. पुढील विवेचन समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानी ठेवणे अवश्य आहे.

या बाबतीत मराठी समाज नेहमीच मागे होता असे मात्र नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तेथे गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्या वेळी वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जो शिव्याशापांचा वर्षाव झाला, त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. ही प्रकरणे जन्मलेल्या अर्भकांची होती, गर्भपाताची नव्हती, हा भेद आम्ही विसरत नाही. परंतु फुल्यांनी आणि ताराबाईंनी जो प्रश्न केला तो येथेही लागू पडतो. त्या स्त्रीला त्या टोकाला कोणी लोटले, आणि लोटणारा कोठे आहे, हा तो प्रश्न होय.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईस संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली आणि अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. त्यांतील १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आला आणि फेटाळला गेला. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. यास्तव हा वारसा महाराष्ट्राचा, आमचा नव्हे, असे म्हणण्याची सोय आम्हांस नाही.

१९६४ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली आणि १९६६ च्या अखेरीस तिचा अहवाल आला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया मरतात, आणि कायद्याच्या धाकाने गर्भपात थांबत नसून तो केवळ अडाणी हातांत जातो, हा त्या अहवालामागील विचार होता. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आले. त्यातील शिक्षिका बेणारे हिच्यावर लुटुपुटीच्या न्यायालयात आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा. आणि खेळाच्या शेवटी न्यायाधीश बनलेले गृहस्थ तिला शिक्षा देतात ती कोणती? तर तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याची! ज्या कृत्याचा आरोप, त्याच कृत्याची शिक्षा. नाटककाराने येथे समाजाची नस नेमकी पकडली आहे. गर्भ राहतो की जातो याची समाजास चिंता नसते. निर्णय त्या बाईने करावा, हे त्यास खपत नसते. आमच्या भागात आजही हेच चालले आहे. मुलगीच आहे असे कळल्यावर घरचीच माणसे गर्भ पाडावयास लावतात, आणि बाई आपण होऊन 'आता मूल नको' म्हणाली की तीच माणसे भ्रूणहत्येचे पाप आठवतात.

आता १९७१ च्या कायद्याकडे वळू. वैद्यकीय गर्भपाताचा हा कायदा ऑगस्ट १९७१ मध्ये संमत झाला व १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २००२ आणि २०२१ या वर्षी त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. सांप्रत त्याचे स्वरूप असे आहे. गर्भारपणाच्या २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टराच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि ही मुदत नियमांत सांगितलेल्या स्त्रियांनाच मिळते. बलात्कारित स्त्री, अज्ञान मुलगी, गर्भारपणात विधवा झालेली वा घटस्फोट झालेली, अपंग वा मनोरुग्ण स्त्री, गर्भात गंभीर व्यंग असलेली, तसेच आपत्तीच्या वा आणीबाणीच्या परिस्थितीत सापडलेली, या त्या होत. २४ आठवड्यांनंतर केवळ गर्भातील मोठ्या व्यंगाकरिता, आणि तेही वैद्यकीय मंडळाच्या संमतीनेच. जीव तातडीने वाचवावयाचा असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकल्यापासून मोजणाऱ्या बायकांचा हिशेब येथेच चार आठवड्यांनी चुकतो.

डॉक्टराने मत द्यावयाचे ते कशाविषयी? गर्भ राहू दिल्यास स्त्रीच्या जिवास धोका आहे, किंवा तिच्या शरीरास अथवा मनास गंभीर इजा पोहोचेल, किंवा मूल गंभीर व्यंगाचे जन्मेल, याविषयी. बलात्कारामुळे राहिलेला गर्भ मनास गंभीर इजा करणारा आहे, असे कायदा धरून चालतो. संततिनियमनाचे साधन फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाविषयीही २० आठवड्यांपर्यंत तसेच गृहीत धरता येते. १९७१ मध्ये ही दुसरी सवलत केवळ विवाहितेस होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती कोणत्याही स्त्रीस मिळाली. पुढे २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढील निकालात आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहितेस वगळता येणार नाही. आणि या कायद्यापुरता बलात्कार या शब्दात पतीने केलेल्या बलात्काराचाही समावेश होतो.

संमतीच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती लागते, आणि तेवढीच लागते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची लागत नाही, भावाची लागत नाही. मुलगी १८ वर्षांखालील असेल, किंवा स्त्री मनोरुग्ण असेल, तरच पालकाची लेखी संमती हवी. जिचा गर्भपात केला तिचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. गर्भपात करावयाचा तो सरकारी रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी, आणि आधुनिक वैद्यकातील प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरानेच. अन्य कोणी केल्यास त्यास दोन ते सात वर्षे सक्तमजुरी आहे. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टराच्या देखरेखीखाली गोळ्यांनीही गर्भपात करता येतो. त्यापुढील काही आठवड्यांत पोकळीच्या दाबाने गर्भाशय रिकामा करण्याची रीत निर्धोक मानली जाते. गर्भाशय खरवडण्याची जुनी पद्धत टाळावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे.

इतके वाचल्यावर कोणासही वाटेल की मग अडचण ती काय उरली? ती कागदावर नाही. उंबऱ्याबाहेर पडल्यावर आहे. आमच्या परिचयातील एका बाईची हकीकत सांगतो म्हणजे ती ध्यानात येईल. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या रानाकडे, पावसाळ्यात ओढे भरले की वाड्यांचा रस्ता तुटतो. तसल्याच एका वाडीतील ही बाई तीन मुलांची आई. नवरा गोव्यात कामाला, सणावारी येणारा. तिला पुन्हा दिवस गेले. भात लावण्याचे दिवस अंगावर आलेले, धाकटे मूल अजून अंगावर पिणारे. सातव्या आठवड्यात ती एका दवाखान्यात गेली. खिडकीपाशी तिने आपल्याला येत होता तो शब्द उच्चारला: 'पोट पाडायचं आहे.' आतील बाईने दहा माणसांदेखत सुनावले की येथे भ्रूणहत्या करीत नाहीत. दुसरीकडे गेली तर नवऱ्याची सही आणावयास सांगितले. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, मुले न होण्याची शस्त्रक्रिया त्याच वेळी करून घेशील तर पाहू. यात चार आठवडे गेले. अकराव्या आठवड्यात कोणीतरी आणून दिलेल्या गोळ्या तिने कोणासही न विचारता घेतल्या. तिसऱ्या दिवशी रक्त थांबेना म्हणून तिला खुर्चीत बसवून, खुर्चीला वासे बांधून, गड्यांनी ओढ्यापार नेले. रक्त चढवून डॉक्टरांनी तिला वाचविले. पुढे आमच्या घरातील वडीलधाऱ्या बाईंपाशी ती जे बोलली ते आम्ही विसरलो नाही. ती म्हणाली, 'मावशी, तिथं जाऊन काय म्हणायचं तेच मला ठाऊक नव्हतं.'

तिला तिन्ही ठिकाणी जे सांगितले गेले त्यास कायद्याचा आधार नव्हता. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. शस्त्रक्रियेची अट तर त्यात कोठेच नाही. तथापि तिला हे ठाऊक नव्हते, आणि तिला ते कळावे अशी व्यवस्था आम्ही कोणी केलेली नव्हती. तिने गोळ्या आपल्या आपण घेतल्या म्हणून तिला अडाणी ठरविणे सोपे आहे. परंतु हा एकट्या खानापूरचा प्रकार नव्हे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २०१५ या वर्षी भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज दिला आहे. त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर गोळ्यांनी झाले, आणि रुग्णालयांत झाले ते अवघे २२ टक्के. म्हणजे ज्या कामासाठी कायद्याने रुग्णालय नेमून दिले, ते काम बव्हंशी रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. गोळी योग्य आठवड्यात, योग्य मात्रेत व देखरेखीखाली घेतली तर ती सुरक्षित असते. परंतु कोणी सांगणारा नसेल, आठवडे चुकले असतील आणि रक्तस्राव झाल्यास जावयाचे कोठे हेच ठाऊक नसेल, तर तीच जिवावर बेतू शकते.

येथे 'भ्रूणहत्या' या शब्दाचा संबंध पुन्हा येतो. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणे ही आमच्या समाजाची खरी आणि लाजिरवाणी व्याधी आहे. सीमेला लागूनच असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुलीच आढळल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण ८९४ होते, तर बीड जिल्ह्यात ८०७. गर्भाचे लिंग तपासण्यावर १९८८ मध्ये प्रथम महाराष्ट्राने कायदा केला. नंतर १९९४ मध्ये देशभराचा कायदा झाला. तो कायदा हवाच, आणि कठोरपणेच राबविला पाहिजे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु त्याने गुन्हा ठरविला तो लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा. स्त्रीने गर्भपात मागणे हा त्या कायद्याने गुन्हा होत नाही. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे साधारणतः तेरा-चौदा आठवड्यांपूर्वी भरवशाने कळत नाही. सातव्या आठवड्यात दवाखान्यात आलेल्या बाईवर मुलगी मारल्याचा संशय घेणे म्हणजे शरीरशास्त्राचे अज्ञानच होय.

हा भेद लोकांच्या मनातून पुसला जावा, अशा घटनाही आमच्या आसपास घडल्या. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एक तरुण विवाहिता गर्भपातानंतर मरण पावली. चौकशीत १९ भ्रूण पुरलेले सापडले. तेथे गर्भपात करणारा होमिओपॅथीची पदवी असलेला मनुष्य होता. म्हैसाळपलीकडे सीमा ओलांडली की आमचा कागवाड तालुका लागतो. जून २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील मुडलगी येथे बाटल्यांत भरून टाकलेले सात भ्रूण सापडले. अशा बातम्यांनी माणूस हादरतो, हे योग्यच आहे. परंतु त्यानंतर प्रत्येक वेळी घडते ते असे. तपासणीचा धडाका लागतो, औषधविक्रेता कायदेशीर गोळ्याही ठेवीनासा होतो, आणि मान्यताप्राप्त डॉक्टरही 'नसती भानगड नको' म्हणून बाईला परत पाठवितो. पैसेवाले घर पुण्या-मुंबईस जाते. गरीब बाई पुन्हा म्हैसाळसारख्याच कोणा माणसाच्या दारी जाते. म्हणजे ज्या हातांना धाक बसावयाचा ते हात मोकळे राहतात, आणि जी वाट उघडी असावयाची ती बंद होते. शाहांच्या समितीने सहा दशकांपूर्वी जे सांगितले तेच आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहत आहोत.

अल्पवयीन मुलीची अवस्था याहून बिकट आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.३ टक्के व महाराष्ट्रात २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांपूर्वी झालेली होती. म्हणजे या बाबतीत सीमेच्या अलीकडे-पलीकडे फारसा फरक नाही. अशा मुलीस गर्भ राहिला तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यान्वये डॉक्टरास पोलिसांत वर्दी द्यावी लागते. वर्दी म्हटली की घराची अब्रू आली, जावई तुरुंगात जाण्याची भीती आली. मग घरचे लोक मुलीला दवाखान्यातच नेत नाहीत. २०२२ च्या निकालात न्यायालयाने यावर तोड काढली आहे. मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास गर्भपातापुरती द्यावयाची वर्दी तिचे नाव-गाव न सांगता देता येते. हा निकाल किती डॉक्टरांनी वाचला असेल? आणि तो मराठीत किती पालकांपर्यंत गेला असेल?

या ठिकाणी सीमाभागाचे एक विशेष दुःख सांगणे भाग आहे. येथील सरकारी रुग्णालयांतील पाट्या आणि कागदपत्रे बहुधा कन्नडात अथवा इंग्रजीत असतात. जी बाई केवळ मराठी वाचते, ती संमतिपत्रावर अंगठा उठविते तो दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबून. कन्नड भाषेविषयी आमची काही तक्रार नाही. त्या भाषेतील बायाही याच खिडकीपाशी असेच ऐकून परत फिरतात. तक्रार आहे ती अशी की, मराठी पाटीसाठी मोर्चे काढणाऱ्या आम्हां मंडळींना या खिडकीवरील पाटीची आठवण कधी झाली नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी येथे दरसाल संमेलने होतात. आम्ही तेथे आवडीने जातो, ग्रंथदिंडीत चालतो, सीमाप्रश्नाच्या ठरावाला हात वर करतो. ते सर्व उचितच आहे. परंतु दवाखान्यात बाईला तिच्या भाषेत तिचा हक्क सांगावा, असा ठराव तेथे मांडण्याचे आम्हांला कधी सुचले नाही. मागासलेपण म्हणतात ते हेच. ते केवळ वाडीत राहत नाही, व्यासपीठावरही असते.

या विचारास दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, गर्भ हा जीवच आहे आणि तो नष्ट करणे हे पाप आहे. ज्यांची अशी श्रद्धा आहे त्यांचा आम्ही आदर करतो. त्यांनी आपल्या आचरणात ती अवश्य पाळावी. त्यांच्यावर कोणताही कायदा सक्ती करीत नाही. परंतु दुसरीच्या देहाविषयी तिने काय करावे हे ठरविताना, दार बंद केल्याने गर्भपात टळत नाही हा अनुभव त्यांनी दृष्टीआड करू नये. २००१ ते २००३ या काळातील देशाच्या नोंदींत मातामृत्यूंपैकी सुमारे ८ टक्के मृत्यू गर्भपातापायी झाल्याचे आढळले होते. दुसरा आक्षेप असा की, सोय सुलभ केल्यास अनाचार बोकाळेल. कर्व्यांच्या संततिनियमन केंद्रावरही शंभर वर्षांपूर्वी हाच आक्षेप होता. आमच्या पाहण्यातील ज्या बाया या वाटेने गेल्या त्या बहुतेक विवाहित, दोन-तीन मुलांच्या आया होत्या. आणि समजा एखादी अविवाहित असली, तरी तिला मरणाची शिक्षा फर्माविण्याचा अधिकार बेणारेच्या न्यायाधीशांना दिला कोणी?

हा कायदा परिपूर्ण आहे असेही आमचे म्हणणे नाही. गर्भपात हा स्त्रीचा हक्क आहे असे तो म्हणत नाही; डॉक्टराने सद्भावनेने मत दिल्यास डॉक्टरास शिक्षा होणार नाही, असे म्हणतो. स्त्रीचे स्थान त्यात अर्जदाराचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मूल होऊ द्यावे की न द्यावे हा निर्णय व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला खरा. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या आईस २६ आठवड्यांनंतर त्याच न्यायालयाने नकार दिला. म्हणूनच पहिल्या आठवड्यांना एवढे मोल आहे. खानापूरच्या बाईने जे चार आठवडे खिडक्या पालथ्या घालण्यात घालविले, तेच तिचे खरे भांडवल होते. ते आम्ही तिच्याकडून हिरावून घेतले.

यावर करावयाचे काय? रुग्णालये बांधणे आमच्या हाती नाही. डॉक्टर नेमणे नाही. भाषा मात्र आमच्या हाती आहे आणि साहित्यसेवक म्हणून ती आमची जबाबदारीही आहे. लिंग तपासून केलेल्या गर्भपातास 'लिंगनिवडीचा गर्भपात' म्हणावे, आणि स्त्रीने कायद्यानुसार करून घेतलेल्या गर्भपातास 'गर्भपात' म्हणावे. कोणास तो शब्दही जड वाटत असेल तर 'गर्भसमाप्ती' म्हणावे. 'भ्रूणहत्या' हा शब्द बातमीतून, पाटीतून आणि भाषणातून काढून धर्मशास्त्राच्या अभ्यासकांकडे परत करावा. नवरा, सासू, परिचारिका व डॉक्टर यांनी हा भेद एकदा मनाशी नीट केला, तर खिडकीपाशी आलेल्या बाईस निदान अपमान सोसावा लागणार नाही.

दुसरे असे की, वर सांगितलेल्या गोष्टी अर्ध्या पानात बसतात: वीस आठवडे एका डॉक्टराच्या मताने, संमती फक्त स्वतःची, नवऱ्याची सही नको, शस्त्रक्रियेची अट नाही, नाव गुप्त, नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या, त्याही डॉक्टराच्या देखरेखीखाली, रक्त न थांबल्यास विनाविलंब रुग्णालय. एवढा मजकूर मराठीत आणि कन्नडात छापून वाचनालयांनी, महिला मंडळांनी आणि संमेलनांनी गावोगाव पोहोचवावा. त्यास फार पैसा लागणार नाही. संकोच मात्र टाकावा लागेल. खानापूरच्या त्या बाईपाशी हे अर्धे पान असते, तर सातव्या आठवड्यात खिडकीपाशी काय म्हणावयाचे ते तिला ठाऊक असते.